इतिहास, इंटरनॅशनल बिझनेस की इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग? शिरपामाळावर उभं राहून तीन पदव्या समजून घेऊया

मागच्या आठवड्यात जव्हारहून एका मुलाचा मेसेज आला. थोडक्यात असा: "सर, बारावी झाली. मला इतिहास आवडतो. मामा म्हणतो इंटरनॅशनल बिझनेस कर, त्यात पैसा आहे. मोखाड्याचा मित्र इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला जाणार म्हणतोय. तो म्हणतो मशीनचं काम असतं. या तिन्हीत नक्की शिकवतात काय?"

प्रश्न आवडला, कारण त्याने "स्कोप कशात आहे" असं विचारलं नाही. शिकवतात काय, असं विचारलं. हे कोणी नीट सांगत नाही. माहितीपत्रकात हसरी मुलं आणि काचेची इमारत असते, विषयांची यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. म्हणून आज आपण उलट्या बाजूने जाऊया. एक जागा घेऊ आणि तिच्याकडे या तीन पदव्यांची माणसं कशी बघतील ते पाहू. जागा जव्हारचीच आहे: शिरपामाळ.

जव्हारला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, गावाला लागूनच हा माळ आहे आणि तिथे स्मारक आहे. परंपरा अशी की १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले. जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं आणि महाराजांच्या टोपावर शिरपेच खोवला. शिरपेचाचा माळ, म्हणून शिरपामाळ. शाळेच्या सहलीत एवढंच सांगतात आणि मुलं फोटो काढून बसमध्ये बसतात.

आता खरी गंमत सुरू होते.

इतिहासाचा विद्यार्थी विचारतो: हे आपल्याला कळलं कुठून?

पुष्कळांना वाटतं की बी.ए. इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं. शाळेत तसं झालं असेल, पण पदवीला मुख्य विषय असतो तो पुरावा. एखादी गोष्ट घडली असं आपण म्हणतो तेव्हा ती कोणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली, आणि त्याच गोष्टीबद्दल दुसरा कोणी वेगळं लिहितो का, हे तपासायचं असतं.

शिरपामाळाचंच घ्या. शिरपेचाची गोष्ट ही स्थानिक परंपरा आहे. जागेच्या नावात ती टिकली. परंपरा म्हणजे खोटं असं नाही, आणि परंपरा म्हणजे आपोआप खरं असंही नाही. विद्यार्थी ती एका कप्प्यात ठेवतो आणि कागद शोधायला लागतो. सुरतेच्या प्रसंगाचे कागद भरपूर आहेत, कारण सुरत तेव्हा मोगलांचं मोठं बंदर होतं. तिथे इंग्रजांची वखार होती, डचांची होती, आणि ही सगळी मंडळी आपापल्या कंपनीला पत्रं पाठवत होती. जॉर्ज ऑक्झेंडन हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता. एस्कलियो नावाच्या इंग्रज पाद्र्याने तर या लुटीचं लांबलचक वर्णन पत्रात लिहून ठेवलं आहे. वखारीचे हे कागद विल्यम फॉस्टर यांनी पुढे संपादित करून खंडच्या खंड छापले.

पण कागद मिळाला म्हणजे काम संपलं का? नाही. फौज किती होती हे बघा. कुणाच्या लेखी चार हजार स्वार, कुणाच्या लेखी दहा हजार. घाबरलेल्या माणसाला फौज मोठी दिसते. नुकसानभरपाई मागणाऱ्याला लूट मोठी दिसते. आणि ज्याने वखार राखली त्याला आपला पराक्रम मोठा दिसतो. मग आकडा कोणता धरायचा? हा वाद वर्गात होतो, परीक्षेत पंधरा मार्कांना येतो आणि त्याचं एकच एक उत्तर नसतं. ज्याला असं अर्धवट उत्तर सहन होत नाही त्याने इतिहास घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारखांचा घोळ तर बघण्यासारखा आहे. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी १६६४ म्हणतो तो महिना त्यांच्या जुन्या कागदांत १६६३ म्हणून येतो. शिवाय इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत आणि पोर्तुगीज नवं ग्रेगोरियन. दोघांच्या तारखेत दहा दिवसांचा फरक. म्हणजे एकाच दिवशी एकाच घटनेबद्दल लिहिलेली दोन पत्रं वाचली, तर एक आधीची आणि एक दहा दिवस नंतरची वाटेल. इंग्लंडने हे कॅलेंडर १७५२ साली बदललं. हे माहीत नसताना कोणी "या दोन पुराव्यांत विसंगती आहे" असं म्हणू लागला की समजावं, पठ्ठ्याने पहिल्या वर्षाचा तास बुडवलाय.

आणखी एक. १६६४ ला शिरपेच देणाऱ्या जव्हारवर १६७२ साली मोरोपंत पिंगळे फौज घेऊन आले आणि जव्हार स्वराज्यात घेतलं. स्मारकापाशी हा भाग सहसा कोणी सांगत नाही. आठ वर्षांत काय बदललं? सुरत आणि कोकण यांच्यामधली वाट ज्याच्या हातात त्याला महत्त्व आलं, हा एक धागा. मोगल, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या मधोमध सापडलेल्या महादेव कोळी राज्याने आपला जीव कसा वाचवायचा, हा दुसरा. मुकणे घराण्याचं हे राज्य चौदाव्या शतकापासून चालत आलं आणि थेट १९४८ मध्ये विलीन झालं. एवढा काळ एक लहान डोंगरी संस्थान टिकतं कसं, हा प्रश्न शिरपेचाइतकाच रंजक आहे. आणि तो विचारायला जव्हार-मोखाड्याच्या मुलापेक्षा योग्य माणूस कोण? त्याच्या आजीला वारली, कोकणा किंवा क ठाकूर बोलीतल्या कितीतरी गोष्टी येत असतील. त्या कुठल्याच दफ्तरात नाहीत. मौखिक इतिहास हा आता पदवीच्या पातळीवर शिकवला जाणारा भाग आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, परवानगी घ्यायची, कोणी कधी सांगितलं त्याची नोंद ठेवायची. त्याला मोठं भांडवल लागत नाही.

आपली साइट टेक्नॉलॉजीची, म्हणून दोन शब्द साधनांबद्दल. राष्ट्रीय अभिलेखागाराने आपले कितीतरी कागद 'अभिलेख पटल' नावाच्या पोर्टलवर स्कॅन करून ठेवले आहेत, घरबसल्या शोधता येतात. नकाशाच्या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये डोंगराची उंची आणि उतार टाकून "कमीत कमी कष्टाची वाट" काढता येते. त्र्यंबकच्या बाजूने निघून जव्हार, रामनगर म्हणजे आजचं धरमपूर, आणि गणदेवीमार्गे सुरतेला जाणारी घोडदळाची वाट कुठून जाईल, हे क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरवर एखादा विद्यार्थी प्रोजेक्ट म्हणून करू शकतो. निघालेली रेघ शिरपामाळावरून गेली तर परंपरा सिद्ध होत नाही. पण "हे शक्य होतं" एवढं नक्की म्हणता येतं. हा फरक कळणं म्हणजेच इतिहासाची पदवी.

मोडी लिपी मात्र शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचा डोंगर आहे आणि वाचणारे थोडे. कॉम्प्युटरला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण त्यालाही आधी कोणीतरी मोडी जाणणाराच शिकवणार ना!

नोकरीचं खरं सांगायचं तर नुसत्या बी.ए. इतिहासावर थेट नोकरी क्वचित मिळते. पुढे बी.एड. करून शिक्षक, एम.ए. आणि नेट-सेट करून प्राध्यापक, पुरातत्त्व, अभिलेखागार, संग्रहालय, कायदा, पत्रकारिता, किंवा स्पर्धा परीक्षा. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूप आता वर्णनात्मक झालं आहे, त्यामुळे मुद्देसूद लिहिण्याची सवय कामाला येते. पण "यूपीएससीसाठी इतिहास घेतो" एवढंच कारण असेल तर पुन्हा विचार करा. परीक्षेत यश आलं नाही तर हातात काय उरतं, हेही बघा.

इंटरनॅशनल बिझनेसवाला विचारतो: सुरतच का?

महाराज एवढी लांबची मजल मारून सुरतेलाच का गेले? कारण पैसा तिथे होता. पैसा तिथे का होता? कारण नीळ, सुती कापड, मसाले हे सगळं त्या बंदरातून जहाजावर चढत होतं आणि बदल्यात चांदी उतरत होती. वीरजी व्होरासारखा सावकार तर ईस्ट इंडिया कंपनीलाच कर्ज द्यायचा. लुटीत त्याचं घर धुऊन निघालं.

आणि नंतर काय झालं ते बघा. औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एक वर्ष जकात माफ केली आणि इंग्रज-डचांच्या मालावरची जकात कमी केली. व्यापारी पळून जाऊ नयेत म्हणून सरकार कर कमी करतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीही हेच, आजही हेच. पुढे इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं, १६८७ साली. समुद्राने वेढलेली, आपल्या ताब्यातली जागा त्यांना जास्त सुरक्षित वाटली हे त्यामागचं एक कारण. आजची कंपनी एका देशातून कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेते तेव्हा याच हिशोबावर नेते: कर किती, धोका किती, बंदर किती जवळ.

इंटरनॅशनल बिझनेसच्या पदवीत हेच आजच्या भाषेत शिकवतात. परकीय चलन, आयात-निर्यातीची कागदपत्रं, जकात, बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, जहाजाची बिल ऑफ लेडिंग, वेगवेगळ्या देशांचे कायदे, मार्केटिंग. बऱ्याच ठिकाणी एक परदेशी भाषाही असते. "परदेशात नोकरी" असा या नावाचा अर्थ अनेक पालक काढतात. तो चुकीचा आहे. यातल्या बहुतेकांची पहिली नोकरी मुंबई, न्हावा-शेवा किंवा भिवंडीच्या गोदामाजवळच्या ऑफिसात, कागद तपासण्याची असते.

कागद तपासणं कंटाळवाणं वाटतं? मग हे उदाहरण बघा. समजा डहाणू-जव्हार भागातला एक कलाकार वारली चित्रं परदेशी विकतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे माल खणखणीत आहे. आता जगातल्या प्रत्येक व्यापारी मालाला एक एचएस कोड असतो. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे अंक देशानुसार, भारतात एकूण आठ. कलाकाराने हाताने कागदावर किंवा कापडावर काढलेलं चित्र ९७०१ या शीर्षकाखाली जातं, म्हणजे कलाकृती. त्याच कलाकाराने, त्याच हाताने, तीच तारपा नाचाची रांग चिनीमातीच्या कपावर काढली की तो माल कलाकृती राहत नाही. हाताने रंगवलेल्या तयार वस्तू ९७०१ मधून स्पष्टपणे वगळल्या आहेत. कप भांड्यांच्या ६९ व्या प्रकरणात जातो. कोड बदलला की समोरच्या देशातली जकात बदलते, सवलत बदलते, कधी कधी लागणारा दाखलाही बदलतो. चुकीचा कोड टाकला तर माल बंदरात अडकतो आणि गोदामाचं भाडं रोज चढत जातं. गावच्या एखाद्या बचत गटाची पूर्ण वर्षाची कमाई अशी एका आकड्यावर अडकू शकते. हा आकडा बरोबर टाकणारं माणूस पाड्यावरचंच असलं तर किती बरं!

दुसरी गोष्ट म्हणजे इन्कोटर्म्स. विकणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते आणि घेणाऱ्याची कुठे सुरू होते, हे ठरवणारे ११ नियम. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ते पहिल्यांदा १९३६ मध्ये काढले, सध्याची आवृत्ती २०२० ची. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत विकणाऱ्याची जबाबदारी. सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमाही विकणाऱ्याकडे. यात एक मेख आहे. सीआयएफमध्ये भाडं विकणारा भरतो, पण वाटेत माल बुडाला तर धोका घेणाऱ्याचा! परीक्षेत हा प्रश्न येतोच येतो आणि निम्मा वर्ग चुकतो.

पालघर जिल्ह्यासाठी हा विषय आता पुस्तकातला राहिलेला नाही. डहाणूजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. खर्चाचा अंदाज सुमारे ७६ हजार कोटी, प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. मच्छीमारांचा त्याला जुना आणि तीव्र विरोध आहे. त्यांचं म्हणणं समजून घेतल्याशिवाय कोणी "जिल्ह्याचा विकास" असं म्हणू नये. बंदर झालं तर त्यात रखवालदार, हमाल कोण असणार आणि कस्टम्सचे कागद भरणारे, जहाजाचं वेळापत्रक लावणारे कोण असणार, हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या आजच्या बारावीच्या वर्गाचा आहे.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग: मशीनचं नव्हे, रांगेचं शास्त्र

मोखाड्याच्या मित्राचा गैरसमज आधी दूर करतो. मशीन बनवणं हे मेकॅनिकलचं काम. इंडस्ट्रियल इंजिनिअर बघतो की माणसं, मशीन, माल, वेळ आणि पैसा हे सगळं एकत्र नीट चालतंय का. त्यात गणित भरपूर असतं, ग्रीसचे डाग कमी.

या शास्त्राची एक सुरुवात विटांपासून झाली. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा माणूस गवंडीकाम शिकत होता. त्याने पाहिलं की एक वीट बसवायला गवंडी १८ हालचाली करतो. वीट उचलायला दर वेळी कमरेत वाकतो, हातात फिरवून चांगली बाजू शोधतो. त्याने विटांची चळत कमरेच्या उंचीवर आणली, विटा आधीच बाजू लावून ठेवल्या. हालचाली पाचच्या आसपास आल्या आणि माणशी ताशी १२० विटांचं काम ३५० वर गेलं. फ्रँकची बायको लिलियन ही मानसशास्त्राची जाणकार. कामगार थकतो कशाने, याचा अभ्यास तिने पुढे नेला.

जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला हे वाचताना वीटभट्टी आठवेल. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे भट्टीवर जातात, तिथे मजुरी हजार विटांवर ठरते. मग प्रश्न येतो: हालचाली कमी झाल्या, विटा वाढल्या, तर वाढलेला पैसा कुणाच्या खिशात गेला? हा प्रश्न गिलब्रेथच्या काळातही कामगारांनी विचारला होता. चांगल्या अभ्यासक्रमात तो आजही विचारतात. विचारत नसतील तर तुम्ही विचारा.

आता आपलं शिरपामाळ. सुरतेहून परतताना घोड्यांवर काय लादायचं? कापड मुबलक होतं, पण कापडाचं वजन जास्त आणि किंमत त्या मानाने कमी. सोनं, चांदी, मोती, हिरे यांचं उलट. महाराजांच्या फौजेने भर दिला तो अशाच मालावर. लॉजिस्टिक्समध्ये याला किलोमागे किंमत म्हणतात, आणि आजही याच हिशोबाने मोबाइल विमानाने जातात आणि सिमेंट रेल्वेने.

आजचा प्रश्न घ्यायचा तर पाण्याचा घ्या. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो, वैतरणेच्या धरणांतून मुंबईला पाणी जातं, आणि एप्रिल-मे महिन्यात इथल्याच पाड्यांवर टँकर लागतो. समजा एका टँकरला दिवसात दहा पाडे करायचे आहेत. कोणत्या क्रमाने? दहा पाड्यांचे क्रम होतात ३६ लाख २८ हजार ८००. पंधरा पाडे असले तर १ लाख ३० हजार कोटींहून जास्त. सगळे क्रम तपासणं कॉम्प्युटरलाही अवघड. म्हणून इंडस्ट्रियल इंजिनिअर युक्त्या शिकतो: सगळ्यात उत्तम नसला तरी खूप चांगला क्रम पटकन कसा काढायचा. या विषयाला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. तुमच्या मोबाइलवरून मागवलेलं पार्सल कोणत्या गाडीत कितव्या नंबरला बसतं, ते याच गणिताने ठरतं.

अजून एक सोपं पण जबरदस्त सूत्र सांगतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं: आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाने आत घालवलेले तास. एखाद्या ग्रामीण दवाखान्यात तासाला २० जण येतात आणि प्रत्येकाचा दीड तास जातो. म्हणजे कधीही बघा, सरासरी ३० माणसं आत. बाकं १५ जणांची, मग बाकीचे भिंतीला टेकून उभे. नवी इमारत बांधायची का? आधी बघा वेळ कुठे जातो. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास जात असेल आणि ते काम सुटसुटीत करून एकूण वेळ पाऊण तासावर आणला, तर आत १५ माणसं राहतील. आहे त्या बाकांवर सगळे बसतील. एक वीटही न लावता. तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन चार मैल चालत आलेल्या बाईसाठी हे सूत्र म्हणजे पाऊण तास.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली तेव्हा देश हादरला होता. त्याची कारणं गरिबीची आणि धोरणाची होती, ती कोणत्याही सूत्रात मावणार नाहीत. पण धान्य, औषध, माणूस वेळेवर पाड्यापर्यंत पोचणं हा त्यातला एक भाग असतोच, आणि तो भाग शास्त्राने सुधारता येतो.

कोर्स शोधताना नावाकडे लक्ष ठेवा. "इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग" असं स्वच्छ नाव महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी दिसेल. तोच अभ्यास कुठे प्रॉडक्शन, कुठे इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन, कुठे मॅन्युफॅक्चरिंग अशा नावाखाली असतो. मुंबईच्या व्हीजेटीआयला प्रॉडक्शनची जुनी परंपरा आहे. पवईची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग १९६३ पासून या क्षेत्रात नावाजलेली. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली, पण तिथे मुख्यतः पदवीनंतरचं शिक्षण मिळतं. नोकऱ्या कारखान्यांत, गोदामांत, दवाखान्यांत, विमानतळांवर. पालघर जिल्ह्यातच तारापूरची एमआयडीसी आहे.

दार कधी बंद होतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पालकांनी जरूर वाचा. या तीन पदव्यांची दारं एकाच वेळी बंद होत नाहीत. इंजिनिअरिंगचं दार दहावीनंतरच अर्धं मिटतं. अकरावीला विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र आणि गणित घेतलं नाही तर एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला बसून उपयोग नाही. इतर दोन पदव्या विज्ञानवाल्यालाही खुल्या असतात, पण कला शाखेवाल्याला इंजिनिअरिंग खुलं नसतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं ही दुसरी वाट आहे, ती विसरू नका. ज्या मुलाने मला मेसेज केला त्याने अकरावी-बारावी कला शाखेतून केली आहे. म्हणजे त्याच्यापुरते खरे पर्याय दोनच. हे त्याला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नव्हतं.

इंटरनॅशनल बिझनेसची गोष्ट जरा गुंतागुंतीची झाली आहे. पुणे विद्यापीठात बीबीए (इंटरनॅशनल बिझनेस) आहे, त्याला आधी बॅचलर ऑफ फॉरेन ट्रेड म्हणत. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटर. हे टाळण्यासाठी काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं, बीएमएसचं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झालं. तेव्हा नुसतं नाव बघून फॉर्म भरू नका. विषयांची यादी मागा. त्यात परकीय चलन आणि निर्यात-प्रक्रिया हे दोन विषय नसतील तर तो कोर्स नावापुरताच इंटरनॅशनल.

बी.ए. साठी लांब जायची गरज नाही. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे. घरची शेती किंवा मजुरी सोडता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून बी.ए. देतं.

नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए., बी.कॉम. यांचा हिशोब आता क्रेडिटवर चालतो. महाराष्ट्रात एका सत्राला २२ क्रेडिट. एका वर्षाचे ४४ झाले की प्रमाणपत्र, ८८ ला पदविका, १३२ ला तीन वर्षांची पदवी, १७६ ला चार वर्षांची ऑनर्स. मध्येच सोडायचं तर थोडा कौशल्याचा कोर्स जोडावा लागतो. हे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावाने जमा होतात. डिजिलॉकरवरून खातं उघडता येतं. याचा फायदा स्थलांतर करणाऱ्या घरातल्या मुलांना खरंच होऊ शकतो. एक वर्ष करून थांबलात तरी ते वर्ष वाया गेलं असं होत नाही. मुख्य विषय इतिहास ठेवून वाणिज्यातले काही विषय जोडता येतात का, हे कॉलेजला विचारा. मामाचंही मन राखलं जाईल!

पैशाचं काय? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जव्हारला प्रकल्प कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. व्यावसायिक कोर्सची शिष्यवृत्ती हवी तर प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधूनच घ्यायला हवा. "थेट ॲडमिशन देतो" म्हणणाऱ्या एजंटमार्फत गेलात तर फी पूर्ण खिशातून जाते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना बऱ्याच योजना लागू होत नाहीत, तेही आधीच विचारून घ्या.

आणि जात वैधता प्रमाणपत्र! इंजिनिअरिंगला राखीव जागेवर जायचं तर ते लागतंच. समितीकडून यायला वेळ लागतो, म्हणून अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. माझ्या ओळखीत एका मुलीला सीईटीत छान मार्क होते, पण वैधतेचा कागद मुदतीनंतर आठ दिवसांनी हातात पडला. तिने त्या वर्षी बी.एस्सी.ला नाव घातलं.

इंग्रजीची भीती असेल तर एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांची पुस्तकं मराठीत फुकट डाउनलोड करता येतात. दहावी-बारावीच्या सुट्टीत त्यातलं गणिताचं पुस्तक उघडून पहिली दोन प्रकरणं वाचून बघा. आणि इतिहासाकडे ओढा असेल तर एखाद्या रविवारी शिरपामाळावर जा, पण या वेळी घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करण्याआधी त्यांना विचारा.